म्युनिकचा धागा

एम१३ नावाचा एक विषाणू आहे. पीटर हान्स होफश्नायडर यांनी १९६३ साली तो जर्मनीतल्या म्युनिक शहरात वेगळा काढला. माणसाला त्याचा काही उपद्रव नाही. आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूच्या पेशीत तो बिऱ्हाड करतो. बिऱ्हाडच म्हणायचं, कारण एरवी असले विषाणू यजमानाला फोडून बाहेर पडतात. एम१३ मात्र जिवाणूला जिवंत ठेवतो आणि त्याच्या भिंतीतून आपली प्रजा एकेक करून बाहेर सरकवत राहतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तो तुटक्या दोऱ्यासारखा दिसतो, सुमारे ९०० नॅनोमीटर लांब आणि सहा-सात नॅनोमीटर जाड. त्याच्या पोटातला डीएनएही दोऱ्यासारखाच असतो. आपल्या पेशीतल्यासारखी दुहेरी शिडी नाही, एकच पदर, दोन्ही टोकं जोडून वर्तुळ केलेला.

या एकपदरी धाग्याचं मोल म्युनिकमध्येच योआखिम मेसिंग यांनी ओळखलं. डीएनए वाचण्याची सँगर यांची पद्धत तेव्हा नवी होती आणि तिला एकेरी पदर लागत असे. मॅक्स प्लांक संस्थेत काम करत असताना, १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात, मेसिंग यांनी एम१३ च्या धाग्यात अशी सोय केली की कुठलाही परका तुकडा त्यात शिवता यावा आणि जिवाणूंकडून त्याच्या हव्या तेवढ्या प्रती करून घेता याव्यात. या मालिकेतल्या धाग्यांच्या नावात 'एमपी' ही अक्षरं येतात, ती मॅक्स प्लांकची. पुढे मेसिंग अमेरिकेत गेले आणि १९८५ मध्ये एम१३एमपी१८ हा धागा जगापुढे आला. त्याची लांबी ७,२४९ अक्षरं; अक्षर म्हणजे डीएनएच्या साखळीतला एकेक घटक. मेसिंग यांनी त्यावर पेटंट घेतलं नाही, मागेल त्याला तो दिला. म्हणून जगभरच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांतल्या फ्रीझरमध्ये तो जाऊन बसला. पुढे जे घडलं त्यात या मोकळ्या हाताचा वाटा मोठा आहे.

रोगाची चाहूल घेणाऱ्या उपकरणांशी हा धागा जोडला जायला आणखी वीस वर्षं लागली. त्या उपकरणांची गोष्ट वेगळ्या वाटेने चालली होती.

मधुमेह असलेल्या कित्येक घरांत आज साखर मोजायचं यंत्र असतं. त्याची मूळ कल्पना १९६२ ची. लेलंड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी सुचवलं की ग्लुकोज ओळखणारं विकर, म्हणजे एन्झाइम, पातळ पडद्याआड धरून विजेच्या इलेक्ट्रोडला टेकवून ठेवलं, तर रक्तातली साखर थेट विजेच्या आकड्यात वाचता येईल. जैवसंवेदक, म्हणजे बायोसेन्सर, या सगळ्या कुळाचा हा मूळपुरुष. एक रेणू ओळखणार, दुसरी वस्तू ती ओळख आपल्याला दिसेल अशा खुणेत बदलणार, एवढीच त्याची रचना. साखर मोजणं त्यामानाने सोपं, कारण ती रक्तात भरपूर असते. आजाराची खूण सांगणारी कित्येक प्रथिनं मात्र तिच्या दहा लाखाव्या हिश्श्याएवढी किंवा त्याहूनही विरळ असतात. तिथे क्लार्क यांची युक्ती अपुरी पडते.

ओळखणाऱ्या रेणूंचा तुटवडा हळूहळू संपत गेला. १९९० मध्ये अमेरिकेत दोन प्रयोगशाळांनी, एलिंग्टन-शोस्टाक यांच्या आणि ट्यूर्क-गोल्ड यांच्या, एकाच सुमारास दाखवून दिलं की अब्जावधी वेगवेगळ्या आरएनए तुकड्यांच्या गर्दीतून एखाद्या ठरावीक रेणूला घट्ट धरणारा तुकडा निवडून काढता येतो. अशा तुकड्यांना ॲप्टामर म्हणतात. दोनच वर्षांत रक्त गोठवणाऱ्या थ्रॉम्बिन या प्रथिनाला धरणारा, अवघ्या १५ अक्षरांचा डीएनए ॲप्टामर मिळाला. १९९६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये संजय त्यागी आणि फ्रेड क्रेमर यांनी केसाच्या आकड्यासारखा दुमडलेला डीएनए तयार केला. त्याच्या एका टोकाला प्रकाश देणारा रेणू आणि दुसऱ्या टोकाला तो प्रकाश गिळणारा. हवा तो जनुकाचा तुकडा भेटला की आकडा उलगडतो, दोन टोकं लांब जातात आणि दिवा लागतो. 'रेण्वीय दीप' हे नाव त्याला शोभतं. दुमडलेल्या डीएनएने खबर द्यायची, ही कल्पना इथे स्पष्ट रूपात आली.

तरी एक अडचण राहिलीच. ओळखणारे रेणू मिळाले, त्यांना बसवायला जागा नव्हती. सोन्याच्या पत्र्यावर ते सोडले तर कुठे गर्दी होई, कुठे मोकळं पटांगण. कुणी आडवा पडे, कुणी शेजाऱ्याच्या अंगावर. दोन ॲप्टामरांनी मिळून एक प्रथिन पकडायचं तर त्यांच्यातलं अंतर नेमकं हवं. काही नॅनोमीटरांचं अंतर हाताने कसं आखणार? प्रश्न रसायनाइतकाच गवंडीकामाचाही होता.

ते गवंडीकाम ज्याने सुरू केलं त्या माणसाला सेन्सरशी काही कर्तव्य नव्हतं. नेड सीमन हे स्फटिकशास्त्रज्ञ होते. प्रथिनाची रचना क्ष-किरणांनी पाहायची तर आधी त्याचा स्फटिक व्हावा लागतो, आणि प्रथिनं फार लहरी असतात. महिनोन्महिने वाट पाहूनही स्फटिक धरेलच याची खात्री नाही. न्यूयॉर्क राज्याची राजधानी आल्बनी इथल्या विद्यापीठात सीमन या लहरीपणाने हैराण झाले होते. १९८० च्या शरदात एकदा ते विद्यापीठाच्या आवारातल्या पबमध्ये जाऊन बसले. सहा फाट्यांच्या डीएनएचा विचार डोक्यात होता. तिथे त्यांना डच चित्रकार एशर यांचं एक लाकूडठशाचं चित्र आठवलं: ओळीत, रांगेत आणि खोलीतही एकामागे एक तरंगणारे मासे. प्रत्येक माशाचं डोकं, शेपटी, वरचा-खालचा आणि दोन्ही बाजूंचा पर, म्हणजे सहा दिशांना सहा टोकं. मासा म्हणजे सहा फाट्यांचा डीएनए. एका माशाचं टोक दुसऱ्याला जोडत गेलं तर स्फटिकासारखी त्रिमिती जाळी उभी राहील, आणि तिच्या प्रत्येक खणात एकेक प्रथिन पाहुण्यासारखं बसवता येईल. मग स्फटिक धरण्याची वाट पाहत बसायला नको.

डीएनएला फाटे फुटतात हे आधीपासून माहीत होतं. जनुकांची अदलाबदल होताना दोन शिड्या एकमेकींत गुंततात आणि चार फाट्यांची गाठ पडते, हे रॉबिन हॉलिडे यांनी १९६४ मध्ये मांडलं होतं. पण पेशीतली ती गाठ सरकत राहते, एका जागी ठरत नाही. सीमन यांनी अक्षरांचा क्रम असा निवडला की गाठीला सरकायला वावच उरू नये. १९८२ मध्ये त्यांनी ही कल्पना कागदावर मांडली आणि लवकरच न सरकणारी गाठ नळीत करून दाखवली. पुढचा रस्ता मात्र फार लांबला. डीएनएचा घन, म्हणजे शिड्यांच्या कडा असलेली ठोकळ्याची चौकट, १९९१ मध्ये जमला, तेव्हा सीमन न्यूयॉर्क विद्यापीठात आले होते. एरिक विनफ्री यांच्याबरोबर डीएनएच्या फरशा जोडून सपाट चादर झाली १९९८ मध्ये. दरवेळी प्रत्येक पदर काटेकोर प्रमाणात मोजून, शुद्ध करून मिसळावा लागे. एक पदर थोडा कमी पडला की सगळी वीण बिघडे. चार-दोन प्रयोगशाळांपलीकडे हे काम कुणाच्या हाती लागत नव्हतं.

ते सर्वांच्या हाती आलं १६ मार्च २००६ या दिवशी. 'नेचर' नियतकालिकाच्या त्या अंकात कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेच्या पॉल रॉथमंड यांचा लेख होता, लेखकाच्या जागी त्यांचं एकट्याचंच नाव. मुखपृष्ठावर होते डीएनएचे हसरे चेहरे. रॉथमंड तेव्हा विनफ्री यांच्या प्रयोगशाळेत होते आणि डीएनएकडून गणितं करून घेण्याच्या प्रयत्नातून इकडे वळले होते. त्यांनी जपानी कागदकामाचं नाव आपल्या पद्धतीला दिलं, ओरिगामी. पण या कामाचं खरं रूप मराठी घरात जास्त लवकर उमगेल, कारण ते कागदाच्या घडीपेक्षा गोधडीच्या शिवणीजवळचं आहे.

एक लांब धागा घ्यायचा. रॉथमंड यांनी घेतला तो फ्रीझरमध्ये सहज सापडणारा, मेसिंग यांचा एम१३एमपी१८. दुहेरी शिडीच्या मापाने त्याच्या ७,२४९ अक्षरांची लांबी सुमारे अडीच हजार नॅनोमीटर भरते. जो आकार हवा तो कागदावर काढायचा आणि शेतात नांगर जसा एका तासाने जातो नि शेजारच्या तासाने परततो तसा हा धागा त्या आकारातून एका टोकाकडून दुसऱ्याकडे फिरवायचा. मग दोन शेजारच्या ओळींना एकत्र धरतील असे लहान लहान डीएनए तुकडे संगणकाने ठरवायचे. हे झाले टाके. प्रत्येक टाक्याचा अर्धा भाग एका ओळीतल्या अक्षरांशी जुळतो, उरलेला शेजारच्या ओळीशी. बहुतेक टाके ३२ अक्षरांचे आणि एका आकाराला असे दोनशेहून जास्त. डीएनए दर दीड वळणाला, म्हणजे १६ अक्षरांनंतर, अशा कोनात येतो की त्याला शेजारच्या ओळीत उडी मारणं सोपं जातं. सगळं गणित या वळणावर बसवलेलं.

शिवायला मात्र सुई नको. धागा आणि टाके मॅग्नेशियम मिसळलेल्या खारट पाण्यात एकत्र करायचे, टाके धाग्याच्या कितीतरी पट जास्त घालायचे, ९५ अंशांपर्यंत तापवायचे आणि दोन तासांच्या आत हळूहळू निवू द्यायचे. निवता निवता प्रत्येक टाका आपली जागा शोधतो. टाके जास्त असल्याने अचूक मोजमापाची, शुद्धीकरणाची कटकट संपली. एका थेंबात सुमारे १०० नॅनोमीटर रुंदीचे अब्जावधी हसरे चेहरे एकाच वेळी तयार झाले. सीमन यांच्या चेल्यांना वर्षानुवर्षं छळणारी गोष्ट विद्यार्थ्याला एका दुपारी करता येऊ लागली.

चेहरे गाजले, पण महत्त्वाची गोष्ट निराळी होती. दोनशे टाक्यांपैकी प्रत्येक टाका वेगळा, त्याची अक्षरं वेगळी, म्हणून त्याची जागाही ठरलेली. चाळीतल्या खोल्यांना जसे नंबर असतात तसे या चादरीवर दर सहा नॅनोमीटरांवर पत्ते पडले. एखाद्या टाक्याच्या शेवटी काही अक्षरं जास्त जोडली की ती चादरीच्या वर शेंडीसारखी उभी राहतात, आणि त्या शेंडीला हवं ते बांधता येतं: ॲप्टामर, सोन्याचा कण, चमकणारा रंग. सेन्सर करणाऱ्यांना जी जागा हवी होती, ती ही.

पहिला सेन्सर दोन वर्षांत आला. २००८ मध्ये ॲरिझोना स्टेट विद्यापीठात हाओ यान आणि सहकाऱ्यांनी डीएनएच्या फरशीवर २० अक्षरांच्या शेंड्यांच्या जोड्या उभ्या केल्या. विशिष्ट आरएनए आला की तो दोन्ही शेंड्यांना बिलगतो. मोकळी शेंडी लुळी असते. आरएनए बिलगला की ती ताठ होते, आणि हा ताठरपणा अणुबल सूक्ष्मदर्शकाच्या सुईला उंचवट्यासारखा जाणवतो. सूक्ष्मदर्शकाची ती सुई फरशीवरून आंधळ्या माणसाच्या बोटांसारखी फिरते. फरशीवर एका बाजूला ठिपक्यांची खूण ठेवलेली, म्हणजे कुठली फरशी कुठल्या जनुकासाठी आहे ते कळावं. एका खेपेत अशा शंभर लाख कोटी फरशा तयार झाल्या. रंग नको, दिवा नको, आरएनएच्या प्रती वाढवणंही नको. आणखी एक गोष्ट त्यांना दिसली: शेंडी फरशीवर कुठे उभी आहे त्यानुसार तिची पकड बदलते. काही नॅनोमीटर सरकल्याने पकड बदलावी, हे याआधी कुणी तपासूच शकलं नसतं.

त्याच वर्षी त्याच गटाने अंतराचा प्रश्नही हाती घेतला. थ्रॉम्बिनला दोन वेगवेगळ्या बाजूंनी धरणारे दोन ॲप्टामर आहेत. यान यांच्या गटाने ते डीएनएच्या फरशीवर निरनिराळ्या अंतरांवर बसवून पाहिले. पकड सर्वांत घट्ट झाली ती ५.३ नॅनोमीटरला. कागदावर हा आकडा लहानसा दिसतो, पण क्लार्क यांच्यापासून चालत आलेल्या या धंद्यात ओळखणाऱ्या दोन हातांमधलं अंतर प्रथमच असं टाक्याटाक्याने मोजून ठरवलं गेलं.

मात्र त्या पहिल्या सेन्सरने खबर देण्यासाठी लाखो रुपयांचा सूक्ष्मदर्शक आणि त्याच्यासमोर बसणारा कुशल माणूस लागत होता. फरशी हुशार होती. तिचं बोलणं ऐकायला मोठा सरंजाम हवा होता. पुढची सगळी वर्षं याच एका प्रश्नाभोवती फिरली: हा आवाज बाहेर कसा आणायचा?

२००९ मध्ये डेन्मार्कमधल्या ऑरहूस विद्यापीठात ४२ गुणिले ३६ गुणिले ३६ नॅनोमीटरांची डीएनएची पेटी तयार झाली. झाकणाला डीएनएचंच कुलूप. योग्य अक्षरांची किल्ली पाण्यात आली की झाकण उघडतं, त्यावरचे दोन रंग एकमेकांपासून दूर जातात आणि प्रकाशाचा रंग बदलतो. त्याच वर्षी विल्यम शी यांच्या गटाने भरीव त्रिमिती आकार आणि वाकवलेले दांडे करून दाखवले, शिवाय टाके आखण्याचं संगणकीय साधनही सर्वांना फुकट दिलं. मेसिंग यांची जुनी रीत इथेही पाळली गेली.

भारताचं नाव या इतिहासात त्याच वर्षी येतं. बंगळुरूचं राष्ट्रीय जैवविज्ञान केंद्र हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं केंद्र. तिथे यमुना कृष्णन आणि सहकाऱ्यांनी 'आय-स्विच' नावाचं डीएनएचं यंत्र जिवंत पेशीत सोडलं. हे ओरिगामीच्या मानाने अगदी छोटं, मोजक्या पदरांचं. पण त्याची घडी विलक्षण आहे. सी हे अक्षर ओळीने भरपूर असलेला पदर आम्लात स्वतःवर दुमडतो, 'आय-मोटिफ' नावाच्या आकारात. आम्ल कमी झालं की उलगडतो. दुमडला की दोन टोकांचे रंग जवळ येतात, उलगडला की लांब जातात. पेशी बाहेरचा माल गिळते तेव्हा त्याचं गाठोडं आत जाता जाता अधिकाधिक आम्लधर्मी होत जातं. हा बदल कुठे आणि केव्हा होतो हे कृष्णन यांच्या यंत्राने पेशीच्या आतून सांगितलं. पुढे एका सूक्ष्म जिवंत कृमीतही ते चाललं. नळीतल्या पाण्यात डीएनए नाचवणं सोपं. जिवंत पेशीत तो शाबूत राहून खरं बोलतो, याची खात्री देणारं हे काम होतं, आणि ते बंगळुरूत झालं याचा आनंद मोठा आहे. क्लोराइड मोजणारं यंत्रही त्यांच्या गटाने केलं. २०१३ चं भटनागर पारितोषिक त्यांना मिळालं.

मग हत्यारांची रांगच लागली. जपानमध्ये २०११ साली डीएनएची पक्कड झाली: १७० नॅनोमीटर लांबीचे दोन दांडे, मध्ये खिळा. एखादा रेणू जबड्यात सापडला की पक्कड मिटते. २०१२ मध्ये हार्वर्डच्या डग्लस, बाशेले आणि चर्च यांनी षटकोनी पिंप केलं. त्याला ॲप्टामरांची दोन कुलपं. दोन्ही कुलपांच्या खुणा एकाच पेशीवर सापडल्या तरच ते उघडून आतला माल दाखवतं.

आवाज मोठा करण्याची सर्वांत सुंदर युक्ती प्रकाशाची होती. सोन्याच्या दोन कणांमध्ये अगदी अरुंद फट ठेवली तर त्या फटीत प्रकाश एकवटतो, जसा दोन खडकांमधून जाताना नदीचा प्रवाह जोर धरतो. चमकणारा एकच रेणू त्या फटीत नेमका बसवता आला तर तो कित्येक पट उजळेल. फट आखणं आणि रेणू तिथे बसवणं, हेच अवघड. फिलिप टिनेफेल्ड यांच्या गटाने २०१२ मध्ये जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग इथे डीएनएचा २२० नॅनोमीटर उंच खांब उभा केला, त्याच्या दोन बाजूंना १०० नॅनोमीटरचे सोन्याचे कण बांधले आणि मधल्या २३ नॅनोमीटरच्या फटीत रंगाचा एक रेणू ठेवला. उजेड ११७ पटींपर्यंत वाढला. म्युनिकमध्ये टिम लीडल यांच्या गटाने प्रकाशाची वेगळी बाजू धरली. सोन्याच्या दोन दांड्या डीएनएच्या दोन बाहूंवर अशा बसवल्या की हेपॅटायटिस सी विषाणूचा आरएनए आला की बाहू एका कोनात अडकतात आणि त्यांच्यातून जाणारा प्रकाश डावीकडे-उजवीकडे वेगळा वळतो. २०१८ मध्ये त्यांनी लिटरमागे रेणूंचं अगदी तुरळक प्रमाणही या वळणावरून ओळखलं.

विजेनेही हे बोलणं ऐकता येतं. इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठात २०२० मध्ये डीएनएची एक चौकट केली, मध्ये पोकळी आणि पोकळीत ॲप्टामर. शरीरात दाह असताना रक्तात वाढणारं सीआरपी हे प्रथिन त्या पोकळीत अडकतं. मग या चौकटी काचेच्या अतिसूक्ष्म टोकातून एकेक करून जाऊ द्यायच्या आणि त्या छिद्रातला विजेचा प्रवाह मोजत राहायचा. रिकामी चौकट जाते तेव्हा प्रवाहात एक खड्डा दिसतो, भरलेली गेली तर दुसरा. दारावर पहारेकऱ्याने टोपली भरलेली की रिकामी हे चालीवरून ओळखावं, तसं.

आपल्या पावसाळ्याशी ज्याचा जवळचा संबंध आहे असं एक काम आल्बनीजवळच, ट्रॉय गावातल्या रेन्सलेअर संस्थेत झालं. सीमन ज्या पबमध्ये मासे आठवत बसले होते तिथून ते फार लांब नाही. डेंग्यूचा विषाणू सुमारे ५० नॅनोमीटरचा गोळा. त्याच्या अंगावर एका प्रथिनाच्या १८० प्रती ठरलेल्या नक्षीत बसलेल्या असतात. शिंग वांग आणि सहकाऱ्यांनी ती नक्षी मोजली आणि तिच्याशी जुळेल असा डीएनएचा पाच टोकांचा तारा केला. ताऱ्यावर दहा ॲप्टामर, विषाणूच्या नक्षीत नेमके बसतील अशा जागी. विषाणू भेटला की तारा त्याच्या अंगावर घट्ट बसतो आणि रंग उजळतो. एकट्या ॲप्टामरची पकड सैल; दहा जणांनी योग्य जागांवरून धरलं की विषाणू सुटत नाही. हाच तारा विषाणूला पेशीत शिरण्यापासून अडवतो हेही त्यांना दिसलं. २०१९ च्या अखेरीस हे काम प्रसिद्ध झालं. सेन्सरमध्ये जागेला किती महत्त्व आहे हे समजून घ्यायचं तर इतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही.

अडचणी खऱ्या आहेत आणि त्या लपवून चालणार नाही. डीएनएच्या पाठीवर ऋण विद्युतभार असतो. इतक्या ओळी शेजारी शेजारी शिवल्या की त्या एकमेकींना ढकलतात. त्यांना शांत ठेवायला मॅग्नेशियम लागतं, आणि रक्तात ते रॉथमंड यांच्या खारट पाण्याच्या मानाने फार कमी असतं. शिवाय रक्तात डीएनए कुरतडणारी विकरं फिरत असतात. घडी उसवू नये म्हणून कुणी तिला लायसिनच्या साखळ्यांचं अस्तर लावलं, कुणी अतिनील प्रकाशाने टाके पक्के डागले. आणि पैशाचा प्रश्न होताच. दोनशे टाके यंत्राने अक्षर अक्षर जोडून करायचे म्हणजे महाग काम. मिलिग्रॅमभर मालासाठी शेकड्याने डॉलर जात.

पैशाच्या अडचणीवर उपाय सापडला म्युनिकजवळच्या गार्खिंगमध्ये. हेंड्रिक डीट्झ यांच्या गटाने २०१७ मध्ये जुन्या बिऱ्हाडकरूलाच पुन्हा कामाला लावलं. लांब धागा तर विषाणू करतोच. त्यांनी सगळे टाकेही एका लांबलचक पदरात ओळीने लिहिले आणि दोन टाक्यांच्या मध्ये स्वतःला कापणारा डीएनए घातला. हा पदर विषाणूच्या आवरणात भरून ई. कोलायने भरलेल्या मोठाल्या पात्रांमध्ये वाढवला. नंतर योग्य क्षार घातले की पदर ठरल्या जागी आपोआप तुटतो आणि टाके सुटे होतात. मिलिग्रॅममागचा खर्च काही सेंटांवर येऊ शकतो असा त्यांचा हिशेब आहे.

रॉथमंड स्वतःही सेन्सरकडे वळले. त्यांच्या गटाचं अलीकडचं काम कमळाच्या पानासारखं दिसतं: सोन्याच्या इलेक्ट्रोडवर लवचिक देठाने बांधलेलं, तरंगणारं डीएनएचं गोल पान, त्याच्यावर वीज देणारे डझनावारी रेणू. पकडायचा रेणू आला की तो पान आणि इलेक्ट्रोड यांच्यामध्ये दुवा होतो, पान खाली ओढलं जातं आणि विजेची खूण उमटते. आतापर्यंत प्रत्येक नव्या रेणूसाठी नवा सेन्सर पहिल्यापासून बेतावा लागे. इथे पकडणारा भाग तेवढा बदलायचा, बाकी पान तेच. साखर मोजायच्या यंत्राशी याचं नातं सरळ आहे, कारण वाचणारं उपकरण तशाच साध्या विजेचं आहे.

सीमन यांना जाळीत पाहुणा बसवून स्फटिक हवा होता. डीएनएचा स्वतः घडलेला त्रिमिती स्फटिक त्यांच्या हातून २००९ मध्ये झाला, पबमधल्या त्या संध्याकाळनंतर २९ वर्षांनी. १६ नोव्हेंबर २०२१ रोजी त्यांचं निधन झालं. त्यांनी प्रथिनांसाठी बांधायला घेतलेल्या घरात निराळेच पाहुणे राहायला आले: आरएनए, विषाणू, दाहाची खूण सांगणारं सीआरपी.

त्याच वर्षी टिनेफेल्ड यांचा गट, जो आता म्युनिकमध्ये होता, आपला खांब घेऊन पुन्हा पुढे आला. यावेळी सोन्याऐवजी चांदीचे कण, आणि दोन कणांमधली फट अशी मोकळी राखलेली की तपासायचा रेणू सहज आत येऊन बसावा. उजेड सरासरी ८९ पट वाढला, काही ठिकाणी चारशे पटींहूनही जास्त. पकडायचा होता तो क्लेबसिएला न्यूमोनिए या जिवाणूच्या डीएनएचा तुकडा, प्रतिजैविकांना दाद न देण्याचा गुण सांगणारा. रक्ताच्या द्रवातही तो सापडला. आणि वाचायला कुठलीही मोठी प्रयोगशाळा लागली नाही. बॅटरीवर चालणाऱ्या छोट्याशा पेटीत एक स्वस्त लेझर, एक भिंग आणि वर ठेवलेला मोबाइल फोन. त्याच्या पडद्यावर अंधारात एकेक ठिपका उजळत होता, आणि प्रत्येक ठिपका म्हणजे एकेकटा रेणू होता.